पाया पडता पडता घेतलेलं माप

"रुखवतातलं सगळं उसनं असतंय, शकू. ते पोपटाचं तोरण तेवढं हिच्या हातचं दिसतंय. बाकीचं मामीचं, न्हाई तर बाजारातलं. हात बघितले का हिचे? सुई धरायचे हात हायेत का ते?"

हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. तिच्यासाठी तर मुळीच नव्हतं. पण ओसरीवर तूर निवडत बसलेल्या माणसांना आत कणगीमागं कोण आहे हे दिसत नाही, आणि कणगीमागं ट्रंक उघडून बसलेल्या माणसाला ओसरीवरचं सगळं ऐकू येतं. घरं अशीच बांधलेली असतात.

मी मोजा. डाव्या पायाचा. अर्थात त्या दिवशी मी अजून मोजा झालो नव्हतो. त्या ट्रंकेच्या तळाशी माकडटोपी होऊन पडलो होतो. रंग मरून, म्हणजे गडद तांबडा, कपाळावर एक गोंडा, आणि कानांपाशी जरा सैल. पूर्वजन्माबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. डोक्यावर असताना माणूस काय विचार करतो ते मला कधी कळलं नाही. पायात गेल्यावर सगळं कळायला लागलं.

बोलणाऱ्या त्या शालूबाई, या घरातल्या सासूबाई. ऐकणाऱ्या शकुबाई, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्यांना काहीही सांगितलं तरी "व्हय माय" म्हणायची सवय. आणि जिच्याबद्दल चाललं होतं ती निलम, वैशाखात लग्न होऊन सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या या गावात आलेली. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा होऊन एकदोन वर्षं झाली होती. निलमही आईबापांपासून वेगळी होऊन नवीनच होती. जिल्ह्याचा निदान गाजावाजा तरी झाला. ही पोरगी इतकी कमी बोलायची की लग्नात उखाणासुद्धा तिनं पुटपुटत घेतला आणि नवऱ्याचं नाव पहिल्या रांगेपलीकडं गेलंच नाही.

ट्रंकेचं झाकण हातात धरून ती तशीच बसून राहिली. मग हसली. मला वाटलं, आता रडेल. पण तिला हसू आलं, कारण शालूबाईंनी सगळं नेमकं उलटं धरलं होतं. रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल, तांब्यावरचं झाकण, टीव्हीवरची झालर, सगळं निलमच्या हातचं होतं. उसनं होतं ते एकटं पोपटाचं तोरण.

ते तिच्या मामीचं. निर्मलामामी राहायच्या वारंगा फाट्याजवळ, आणि त्यांचं ते तोरण त्या बाजूच्या प्रत्येक नात्यातल्या लग्नात टेबलावर टांगलं जायचं. इतकी लग्नं पाहिली होती त्यानं की मंगलाष्टकं चुकली तर पोपटांनी सांगितलं असतं. रीत अशी की लग्न झालं, फोटो निघाले, की तोरण घडी करून मामीकडं परत. या वेळी घडी घालायच्या आधीच शालूबाईंनी ते उचललं, घरी आल्या आल्या हातोडी मागवली आणि पुढच्या दारावर ठोकलं. आल्यागेल्याला दाखवायच्या. "सुनंनं केलं." नव्या सुनेनं खिळा काढा म्हणायचं कसं?

आणि माघात मामीच्या कोमलचं लग्न ठरलं होतं.

"मामीचा फोन आला व्हता दुकानावर," एका दुपारी निलमचा नवरा, विजयकुमार, जेवता जेवता म्हणाला. त्याचं औंढ्याला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तार भरून दुरुस्त करायचं दुकान, आणि शेजारी फोनचा बूथ. शालूबाई गोठ्यात होत्या म्हणून बरं. "तोरण कवा पाठवती म्हणं. कोणतं तोरण?"

निलमनं दाराकडं बोट केलं.

"ते मामीचं व्हय?" त्याच्या हातातला घास हातातच राहिला. "मग माग की आईला."

"मागितलं तर सगळंच उसनं ठरंल," ती एवढंच म्हणाली आणि त्याच्या ताटात भाजी वाढली. तिचं एका दिवसाचं बोलणं त्यात संपलं.

तेव्हा गाठ अशी बसली होती. तोरण मागावं तर सासूचं म्हणणं खरं होतं, आणि माहेर सगळ्या गावात खोटं पडतं. न मागावं तर कोमलच्या लग्नात रुखवताचं टेबल बोडकं, आणि मामी आयुष्यभर बोलणार. मी माकडटोपी असल्यानं मला यातून वाट दिसत नव्हती. तिला दिसली.

आधी मलाही तिचा बेत कळला नाही. सरळ ओसरीवर बसून एखादा रुमाल विणून दाखवायचा! पण तसं केलं असतं तर शालूबाईंना समजलं असतं की कणगीमागून कुणीतरी ऐकलं. आणि रुमालाचं काय, गुपचूप बाहेरून आणला म्हणायला कितीसा वेळ लागतो? रुमाल कुणाच्याही घरात बसतो. असं काहीतरी करायला हवं होतं की जे बाहेरून येऊच शकत नाही. जे या घरातल्या एकाच माणसाला बसेल, आणि ते माणूस ज्यानं जवळून पाहिलं नाही त्याला करताच येणार नाही.

आता, नवी सून घरातल्या माणसांचं काय पाहते? पाय. पदर कपाळावर, नजर खाली. तोंडं तिला हळूहळू कळतात, पाय पहिल्या दिवसापासून. निलम मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, चपलेच्या घासण्यावरून ओळखायची. शकुबाई आल्या हे त्यांच्या अंगठ्यावरून कळायचं. तो आधी उंबऱ्यावर यायचा. आणि शालूबाईंचे पाय तर तिनं इतके पाहिले होते की त्यांची तोंडओळख नंतरची.

काय पाय होते ते! डावा उजव्यापेक्षा रुंद. डावी करंगळी रागावून बाहेर निघून गेलेली. दुसऱ्या बोटात चांदीचं जोडवं, जे वर्षानुवर्षं निघालेलं नाही आणि आता निघणारही नाही. टाचांना भेगा अशा, की उन्हाळ्यातल्या शेतानं लाजावं. पौषाच्या थंडीत पहाटे अंगणात पाऊल टाकलं की शालूबाई "स्स" करायच्या. रात्री मेण आणि खोबरेल तापवून भेगांत भरायच्या, सकाळी शेणामातीत ते निघून जायचं. बायामाणसानं मोजे घालायचे असतात हे गावात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मोजे मास्तर घालायचे, नाहीतर शाळेतली पोरं.

असा माझा पुनर्जन्म ठरला. टोपी उसवायला वेळ लागत नाही. एक गाठ सोडली की बाकीचं आपोआप पळत येतं. उसवणं म्हणजे मरण असं कुणी समजू नये. आल्या वाटेनं परत जाणं, एवढंच. तिनं मला गरम पाण्यात बुचकळलं, लडी करून बाजेच्या दांडीला बांधलं आणि खाली बत्ता लटकवला, म्हणजे जुन्या टाक्यांच्या लाटा मोडाव्यात. माझे सगळे विचार सरळ झाले.

राहिलं माप.

दिवेलागणीला नव्या सुनेनं मोठ्यांच्या पाया पडायचं. निलम रोजच पडायची, आता जरा जास्त वेळ पडायला लागली. एका दिवशी वीत पसरून लांबी. दुसऱ्या दिवशी चार बोटं आडवी ठेवून रुंदी. करंगळी किती बाहेर गेलीय ते कपाळ टेकवून. तिथून उठायची आणि स्वयंपाकघरात जाऊन ते माप पिठाच्या डब्यावर बोटानं उमटवायची.

"सौभाग्यवती हो," शालूबाई म्हणायच्या. "बस. बस की. अगं, उठ की!"

घोट्याचं माप सगळ्यात अवघड गेलं. त्यासाठी दोन्ही हातांनी पाय धरावा लागतो.

"अगं माय! पाय हाय का खांब? सोड, पडीन मी!"

घरात चर्चा होणारच. "दिवसातून दोनदोनदा पाया पडून राहिली. काहून?" शालूबाईंनी शकुबाईंना विचारलं.

"माहेरी जायचं असंल."

"तसं तोंडानं सांगायला काय जातंय?"

"न्हाई तर मंग..." शकुबाईंनी बोलायचं सोडून स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

"व्हय की!" शालूबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनीच व्हय म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून निलमच्या पुढं वाटीत चिंच आणि बोरं यायला लागली. निलमनं खाल्ली. न खाण्यासारखं त्यात काय होतं?

मी वाढलो तो पिठाच्या डब्यामागं. दुपारी सासूबाई शेताकडं गेल्या की ती क्रोशाची सुई काढायची आणि चुलीपाशी पाय दुमडून बसायची. सुरुवात बोटांकडून. छोटी साखळी, तिच्या दोन्ही बाजूंनी मुके खांब, फेरीफेरीला दोन टाके वाढवत. मुका खांब हा क्रोशातला सगळ्यात बुटका टाका. त्याची वीण घट्ट येते, वारा आत जात नाही. उंच खांबांनी काम लवकर होतं, पण मोज्याची जाळी होते, आणि जाळीतून भेगा बाहेर डोकावतात.

अंगठ्याला तिनं वेगळं घर दिलं, कारण शालूबाई स्लिपर घालणार आणि स्लिपरचा पट्टा अंगठ्याच्या शेजारून जाणार. दुसऱ्या बोटावर, जोडव्याच्या जागी, दोन टाके सैल सोडून एक फुगीर खोली केली. ही खोली माझा सगळ्यात मोठा अभिमान. बाजारात मिळणाऱ्या कुठल्या मोज्याला जोडव्याची खोली असते, सांगा! करंगळीच्या बाजूला मला थोडं पोट सोडलं. माझा उजवा भाऊ सडपातळ. आम्ही जुळे, पण एकसारखे नाही, कारण पाय एकसारखे नव्हते.

टाच मात्र नीट येईना. पहिली इतकी खोल की त्यात लिंबू बसलं असतं. उसवली. दुसरी उथळ. उसवली. घालून बघायला पाय नाही, ही खरी तकलीफ. तिचा स्वतःचा पाय म्हणजे शालूबाईंच्या पायाचं लेकरू. मग तिची नजर पाट्यावर गेली. वरवंटा! जाडी जवळपास तीच, शेवट तसाच गोल, आणि तो "सोड, पडीन मी" म्हणत नाही.

असा मी काही दुपारी दगडावर चढून बसलो. त्या वरवंट्यावर शालूबाई स्वतः लसूण-मिरची वाटायच्या. त्या घरात तिखटाला कुणी कमी म्हटलं तर त्यांना राग यायचा. वरवंटा धुतलेला असायचा, मलाही नंतर धुतलं. पण मिरची लोकरीत शिरली की ती भाडेकरू नसते, मालक होते.

टाच जमली आणि लोकर संपली. घोटा उघडा राहिला. निलमनं विजयकुमारला सांगितलं, मरून लोकर आणा. संध्याकाळी तो आला ते पोपटी घेऊन.

"देवळापाशी एकच दुकान उघडं व्हतं. तिथं एवढीच व्हती," तो म्हणाला. "का, पोपटी वाईट असती का?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग दारावरच्या पोपटांकडं पाहिलं, आणि पदर तोंडावर धरून हसत सुटली. विजयकुमारला कारण कळलं नाही, तरी तोही हसला. लग्नानंतर पहिल्यांदा तिचं हसणं त्याला ऐकू गेलं असेल. मला घोट्याला पोपटी काठ मिळाला.

संक्रांत आली. निलमची पहिलीच. हलव्याचे दागिने, काळी साडी, ओसरीवर गल्लीतल्या बाया. तिनं एकेकीला हळदीकुंकू लावलं, तीळगूळ दिला, वाणाची वाटी दिली. सगळ्यात शेवटी शालूबाईंच्या हातात वर्तमानपत्राची पुडी ठेवली, आणि पाया पडली. या वेळी पटकन उठली.

पुडी उघडली. आम्ही दोघं उजेडात आलो.

"मोजे?" शालूबाई म्हणाल्या. "मला? मी काय मास्तरीण हाय का व माय?"

बाया खो खो हसल्या. पोपटी काठ पाहून आणखी हसल्या. शकुबाईंनी मला उचलून उलटंपालटं केलं. "काम बारीक हाय. मामीनं धाडले असतील."

निलमचे कान लाल झालेले मी पाहिले. शालूबाईंचं तोंड "व्हय" म्हणायला उघडलं होतं. पण हसण्याच्या नादात त्यांनी मला हिसकून घेतलं आणि गंमत म्हणून डावा पाय आत घातला.

पाय आत आला तो क्षण मी विसरणार नाही. अंगठा कुणाला न विचारता आपल्या घरात गेला. जोडवं खोलीत जाऊन बसलं, एक टाकाही न ओढता. करंगळी, जी कुठंच मावत नव्हती, तिनं माझ्या पोटात अंग टाकलं. टाच टाचेवर आली. शालूबाई हसता हसता थांबल्या. त्यांनी पाय जमिनीवर टेकवला. "स्स" आलं नाही. त्या नुसत्या पायाकडं बघत राहिल्या, जसं की तो दुसऱ्या कुणाचा आहे.

आणि मग मिरची जागी झाली.

"अग्गग्ग माय! जळून राहिलं! भेगांत आग झाली गं!" मला ओढून काढलं, फेकलं, परत उचललं, नाकाशी नेलं. एका बाईनं पायावर तांब्याभर ताक ओतलं. शालूबाई मात्र मला हुंगतच होत्या. पुन्हा एकदा हुंगलं. मग सावकाश म्हणाल्या, "ही तर माझी चटणी हाय."

"कोणाची?"

"माझी. माझ्या वरवंट्याची. एवढा लसूण ह्या गावात दुसरं कोण घालतंय?" त्या शकुबाईंकडं वळल्या. "मामी काय मोज्याला चटणी लावून धाडती का, शकू?"

शकुबाईंना पहिल्यांदाच "व्हय माय" म्हणता येईना.

"ह्या घरात केले," शालूबाई म्हणाल्या. "माझ्या घरात, माझ्या दगडावर. आन् माप? माझ्या पायाचं माप कवा घेतलं गं तू?"

"रोज," निलम म्हणाली. "पाया पडताना."

 मग शकुबाईंनी कपाळावर हात मारला. "आन् आपण हिला चिंचा चारून राहिलो!"

ओसरी हसून हसून आडवी झाली. शालूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं का मिरचीचं का आणखी कशाचं, मी त्यांच्या हातात होतो तरी मला सांगता येणार नाही. त्यांनी निलमला हाताला धरून सगळ्यांसमोर बसवलं.

"सांग ह्या बायांला," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता, अभिमानानं. "रुखवतातलं सगळं तुझ्या हातचं. व्हय ना? एक बी उसनं न्हाई. सांग!"

'उसनं' म्हणून गेल्या आणि थबकल्या. हा शब्द सुनेसमोर त्यांनी कधी काढला नव्हता.

निलमनं दाराकडं पाहिलं. पोपट वाऱ्यानं हलत होते. नुसतं "व्हय" म्हटलं असतं तर सगळं मिळत होतं. हात, माहेर, नाव. जात होतं फक्त मामीचं तोरण, आणि कोमलचं टेबल.

तिनं काय उत्तर दिलं ते सांगतोच. पण आधी माझं थोडं ऐका, कारण ते उत्तर सांगितल्यावर माझं कुणी ऐकणार नाही.

मला त्या संध्याकाळी तीन पाण्यांतून काढलं आणि दुसऱ्या पहाटेपासून मी कामाला लागलो. बरेच हिवाळे शालूबाईंबरोबर हरभऱ्याच्या बांधापर्यंत गेलो. पहिलं वर्ष बाया हसल्या. दुसऱ्या वर्षी शकुबाई मागल्या दारानं येऊन निलमसमोर पाय पुढं करून बसल्या, आणि "पाया नको पडू, तसंच घे" म्हणाल्या. माझी टाच दोनदा रफू झाली, एकदा निळ्यानं, एकदा काळ्यानं. माझा उजवा भाऊ कुत्र्याच्या पिलानं पळवला. तो सुखात असेल असं मी धरून चालतो. आता मी पायातून निवृत्त आहे. आतल्या खुंटीला टांगलेला असतो आणि निलमच्या सगळ्या क्रोशाच्या सुया माझ्या पोटात असतात. जोडव्याच्या खोलीत ती कात्री ठेवते. कधीकधी दमट हवेत माझ्यातून अजून लसणाचा वास येतो, आणि शालूबाई तिथून जाताना थांबून म्हणतात, "लई बराबर झाली व्हती ती चटणी."

तुमच्याकडं एकच मागणं. नवी सून पाया पडून लवकर उठत नसेल, तर तिला घाईनं उठवू नका. ती भक्तीनंच वाकलीय असं काही नसतं. तिचं काहीतरी चाललेलं असतं.

तर, त्या दिवशी. ओसरीवर बाया, मध्ये शालूबाई, हातात मोजा, पायावर ताक. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. निलमनं पदर मागं सारला आणि, शकुबाईंच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, म्हणाली:

"सगळं माझ्या हातचं हाय, आत्याबाई. उसनं एकच हाय, ते पोपटाचं तोरण. ते मामीचं. कोमलच्या लग्नाला परत धाडायचंय, उद्या खिळा काढते. तुमच्या दाराला मी दुसरं करून देते, ह्याच्यापेक्षा चांगलं. पण तेवढा मापाचा टेप मागवा दुकानातून. दाराच्या काय मला रोज पाया पडून व्हणार न्हाई."